दातओठ न खाता : भारीतला ब्रश आणलाय, आता हाताचं काय करू?

इलेक्ट्रिक ब्रशचे प्रश्न पाठवा असं मागच्या महिन्यात म्हटलं होतं. जे आले ते वाचून एक कळलं, ब्रश घेताना लोक महिनाभर रिव्ह्यू वाचत बसतात आणि घरी आल्यावर खोक्यातली पुस्तिका मात्र कुणीच उघडत नाही. मीही उघडली नव्हती, दातांची डॉक्टर असून, ते पुढे येईलच. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : मुलीने महागातला ब्रश भेट दिला. पहिल्या दिवशी बटण दाबलं आणि आरसा, चष्मा, भिंत सगळीकडे पेस्ट उडाली. तोंडात घातला तर नाकापर्यंत गुदगुल्या. चार दिवस केलं आणि कपाटात ठेवून दिला. मुलगी विचारते तेव्हा मी "हो, छान चाललाय" म्हणते. नेमका वापरायचा कसा?

आधी कपाटातून बाहेर काढा, मुलीला काही सांगू नका. पेस्ट उडते कारण तुम्ही ब्रश बाहेर चालू करता. पेस्ट लावायची, ब्रश तोंडात घालायचा, दातांवर टेकवायचा आणि मग बटण. संपल्यावर उलटं, आधी बंद, मग बाहेर. पेस्ट वाटाण्याएवढीच, जाहिरातीत ब्रशभर लाट काढलेली दाखवतात तशी नको, तेवढ्याने नुसता फेस होतो आणि फेस झाला की आपल्याला वाटतं झालं, आणि आपण अर्ध्यातच थुंकून मोकळे होतो. बेसिनवर थोडं वाकून उभं राहा, ओठ सैल मिटलेले, फेस गळतोय तर गळू दे.

आता खरी गोष्ट. साध्या ब्रशला हात हलवावा लागतो, याला नाही लागत. वर्षानुवर्षांची सवय असते ना घासायची, खसाखसा, ती हातातून जात नाही, आणि मग होतं काय की ब्रश आपला थरथरतोय आणि त्याच्यावर आपण पुन्हा घासतोय, दोघं एकमेकांच्या कामात पाय घालतात. हात फक्त ब्रशला एका दातावरून दुसऱ्या दातावर नेऊन ठेवायला आहे. गोल डोक्याचा ब्रश असेल तर एकेका दातावर टेकवा, हिरडीच्या कडेने वळण घ्या, पुढच्या दातावर जा. लांबट डोक्याचा, कडेकडेने थरथरणारा सॉनिक असेल तर हिरडी आणि दात जिथे भेटतात तिथे तिरका धरा, साधारण पंचेचाळीस अंशात, त्यात दोनतीन दात एकदम येतात, तिथे जरा थांबा, मग सरका.

हिशोब करून बघा. ब्रश दर तीस सेकंदांनी क्षणभर अडखळतो, म्हणजे तोंडाचा पाव भाग झाला, पुढे चला. त्या पाव भागात सातआठ दात आणि प्रत्येकाच्या तीन बाजू, बाहेरची, आतली, चावायची. म्हणजे एकेका बाजूला दहा सेकंद, एका दाताच्या एका बाजूला सव्वादीड सेकंद, झालं. ऐकायला काहीच वाटत नाही, पण उद्या मनात "एक आणि दोन" म्हणत करून बघा, दोन मिनिटं किती मोठी असतात ते कळेल. बहुतेकांचं पहिल्या अडखळण्याच्या आत अर्धं तोंड फिरून झालेलं असतं.

गुदगुल्या आठवड्यादोन आठवड्यांत जातात. काही सॉनिक ब्रशमध्ये त्यासाठी सोय असते, पहिल्या चौदा वेळा ताकद हळूहळू वाढत जाते. नसेल तर सेन्सिटिव्ह मोडवर सुरू करा. पुढच्या वरच्या दातांना सगळ्यात जास्त गुदगुल्या होतात म्हणून सुरुवात मागच्या दाढांपासून करा. आणि मध्येच कवटीत ड्रिल केल्यासारखा खडखड आवाज आला तर घाबरू नका, ब्रशच्या डोक्याची प्लास्टिकची पाठ समोरच्या दातावर आपटली, एवढंच. तोंड थोडं जास्त उघडा किंवा जबडा त्या बाजूला सरकवा.

शेवटी पेस्ट थुंकायची आणि थांबायचं. खळखळून चूळ भरू नका, पेस्टमधलं फ्लोराइड दातावर राहायला हवं, ते आपण लगेच धुऊन टाकतो. याची सवय व्हायला ब्रशपेक्षा जास्त वेळ लागतो.

प्रश्न : आमच्यात नवराबायकोत वाद आहे. ह्यांचं म्हणणं सॉनिक भारी, मिनिटाला ३१,००० स्ट्रोक. माझा गोल डोक्याचा फक्त ८,८०० वेळा फिरतो. मग माझा मागासलेला का? आणि मुळात एवढे पैसे घालून साध्या ब्रशपेक्षा फरक पडतो का?

ह्यांना सांगा, हे आकडे एकमेकांसमोर ठेवायचेच नसतात. गोल डोकं उजवीडावीकडे अर्धवट फिरतं आणि शिवाय आतबाहेर ठोके देतं, त्या ठोक्यांचा आकडा वेगळा, मॉडेलप्रमाणे मिनिटाला २०,००० ते ४०,००० लिहितात. सॉनिकचं डोकं कडेकडेने थरथरतं. आणि ३१,००० मध्ये जाणं एक आणि येणं एक असं दोनदा मोजलेलं असतं. भागाकार करा, सेकंदाला साधारण २६० फेऱ्या येतात. घरात हार्मोनियम असेल तर मधल्या सप्तकातली पांढरी एक दाबा आणि शेजारी ब्रश चालू करा, जवळपास तोच सूर लागेल. आमच्याकडे सकाळी माझा ब्रश चालू झाला की घरातलं कुणी ना कुणी "सा" लावतंच, चेष्टा म्हणून. सॉनिक म्हणजे हेच, कानाला ऐकू येणारा आवाज, अल्ट्रासाउंडशी त्याचा संबंध नाही.

फरक पडतो का तर पडतो, पण जाहिरातीइतका नाही. कॉक्रेन नावाची संस्था वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासते, त्यांनी २०१४ साली ५६ चाचण्यांचा आढावा काढला होता. साध्या ब्रशच्या तुलनेत इलेक्ट्रिकने प्लाक, म्हणजे दातावरचा तो चिकट थर, एक ते तीन महिन्यांत ११ टक्के कमी आणि त्याहून जास्त काळात २१ टक्के कमी. हिरड्यांची सूज अनुक्रमे ६ आणि ११ टक्के. दोघांच्या भांडणापुरतं, सगळ्यात जास्त पुरावा गोल फिरणाऱ्या डोक्यांबद्दलचा होता. पण त्यांनीच पुढे म्हटलंय की एवढ्या फरकाचा प्रत्यक्षात दाताला किती फायदा होतो ते स्पष्ट नाही. म्हणजे साध्या ब्रशने नीट घासणारा माणूस काही अडाणी नव्हे. फक्त तसा माणूस मला वर्षातून फार कमी वेळा भेटतो.

माझं मत विचाराल तर भारीतल्या ब्रशमध्ये दोनच गोष्टींना पैसे द्यावेत, टायमर आणि दाब जास्त झाला की सांगणारा सेन्सर. या दोन्ही आता मधल्या मॉडेलमध्येही मिळतात. सात मोड, रंगीत स्क्रीन, सकाळी हसणारा चेहरा, ही हौस आहे, हौसेला मोल नाही म्हणतात ते ठीक, पण स्वच्छतेच्या खात्यात ती धरू नका.

प्रश्न : माझ्या ब्रशचा लाल दिवा सारखा पेटतो. हिरड्यांतून थोडं रक्तही येतं. ब्रश खराब आहे की मी? मैत्रीण म्हणते इलेक्ट्रिकने हिरड्या उतरतात.

लाल दिवा म्हणजे तुम्ही दाबताय. इथे माझी गोष्ट सांगते. माझ्या साध्या ब्रशचे केस महिन्याभरात फाकून झाडूसारखे व्हायचे आणि मी पेशंटना "हलक्या हाताने घासा हं" सांगत फिरायचे. पहिला सेन्सरवाला ब्रश आणला तेव्हा पुस्तिका न वाचता सुरू केला, दिवा लाल झाला, मला वाटलं बॅटरी संपतेय. दोन दिवस चार्जिंगला लावून ठेवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा लाल. मग पुस्तिका काढली. डाव्या बाजूच्या वरच्या सुळ्यापाशी माझी हिरडी आधीच थोडी उतरलेली होती, नेमका लाल दिवा तिथेच लागायचा. उजव्या हाताने घासणाऱ्याचा जोर बऱ्याचदा डावीकडे पडतो, पण स्वतःच्या तोंडात ते बघायला दिवा लागला.

उपाय सोपा आहे. मुठीत धरू नका, पेनसारखा बोटांत धरा, बोटांत जोरच येत नाही. सॉनिक असेल तर आवाजाकडेही कान द्या, जास्त दाबलं की आवाज बदलतो, थरथर मंदावते, म्हणजे दाबून तुम्ही त्याचं काम कमीच करता.

हिरड्या उतरतात त्या जोरामुळे, शिवाय हिरड्यांच्या आजारामुळे, मुळातच पातळ हिरडी असल्यामुळे. नीट धरलेल्या इलेक्ट्रिक ब्रशने उतरत नाहीत. उतरलेली हिरडी मात्र आपली आपण परत वर चढत नाही, म्हणून दिवा सिरियसली घ्या.

रक्ताचं वेगळं. नव्या ब्रशने पहिले काही दिवस थोडं रक्त येतं ते बहुतेकदा हिरडी आधीच सुजलेली असते म्हणून, आतापर्यंत तिथे ब्रश पोचतच नव्हता. रक्त दिसलं म्हणून ती जागा सोडून देणं ही सगळ्यात मोठी चूक, तिथेच हलक्या हाताने रोज करा. दोन आठवड्यांनंतरही येत असेल, किंवा सूज, दुर्गंधी, दात हलणं असं काही बरोबर असेल तर दाखवा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर दोन आठवडे थांबूच नका.

प्रश्न : माझ्या ब्रशचं ॲप रोज मला ९८ ते १०० टक्के देतं. तरी क्लिनिंगला गेलो तर डॉक्टर म्हणाले खालच्या पुढच्या दातांच्या मागे भरपूर टार्टर आहे. मग ॲप खोटं बोलतं का?

खोटं नाही बोलत, त्याला दिसतच नाही. हँडलमध्ये हालचाल आणि कल ओळखणारे सेन्सर असतात, फोनमध्ये असतात तसे, त्यावरून ब्रश आत्ता वर डावीकडे असेल, आता खाली उजवीकडे असेल असा अंदाज तो बांधतो. तुम्ही तिथे होता एवढं त्याला कळतं, तिथलं निघालं का ते नाही. शाळेत हजेरी लागली म्हणजे अभ्यास झाला असं थोडंच असतं.

खालच्या पुढच्या दातांच्या मागे टार्टर का साठतं त्यालाही कारण आहे. जिभेखाली लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात, लाळेतले क्षार प्लाकवर बसतात आणि तो दगडासारखा घट्ट होतो. एकदा झाला की कुठल्याही ब्रशच्या बापाला निघत नाही, स्केलिंगच करावं लागतं, म्हणजे डॉक्टरकडे जाऊन खरवडून काढून घ्यावं लागतं. तिथे ब्रश उभा धरावा लागतो, हँडल वर हनुवटीपासून लांब, डोक्याचा टोकाकडचा भागच दातामागे जाईल असा. लोक आडवाच घालतात आणि डोकं दातांच्या कमानीत अडकतं.

खात्री करून घ्यायची असेल तर प्लाक रंगवणाऱ्या गोळ्या मिळतात, डिस्क्लोजिंग टॅबलेट. ब्रश करून झाल्यावर एक चावायची, लाळेबरोबर तोंडभर फिरवायची, थुंकून आरशात बघायचं. मी पहिल्यांदा घरी केलं तेव्हा समोरचे दात एकदम स्वच्छ, हसले तर काही कळू नये असे, आणि छोटा आरसा आत घालून बघितलं तर मागच्या दाढांची जिभेकडची बाजू हिरडीलगत जांभळीशार, बारीक रेघ ओढल्यासारखी. बेसिनही जांभळं, ओठ दोन तास जांभळे, त्यामुळे कुठे जायचं असेल त्या दिवशी करू नका. पण त्या एका गोळीने जे शिकवलं ते ॲपने सहा महिन्यांत नाही शिकवलं. ॲप पहिले दोनतीन आठवडे वापरा, सवय लागली की फोन बाथरूमच्या बाहेर.

आणि दोन दातांच्या फटीत कुठलाच ब्रश जात नाही, ३१,००० वाला नाही आणि ८,८०० वाला पण नाही. तिथे फ्लॉस, म्हणजे फटीतून फिरवायचा दोरा, किंवा फटीतला छोटा ब्रश लागतोच.

प्रश्न : ब्रशचं डोकं काढलं तर आत काळं, चिकट, वास येणारं काहीतरी निघालं. ओकारी आली. हे मी रोज तोंडात घालत होते?

हो. पण तुम्ही एकट्या नाही, हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी पाठवलाय, बहुतेकांनी नाव न छापण्याच्या अटीवर. पेस्ट आणि लाळ ओघळून डोक्याच्या पोकळ दांड्यात जाते, तिथे ओल राहते, वारा लागत नाही, मग बुरशी आणि जंतू धरतात. महागातला ब्रश असला म्हणून याला अपवाद नाही, उलट डोकं घट्ट बसतं म्हणून आत काय चाललंय ते दिसत नाही.

रोज ब्रश झाला की डोकं उपटून काढा. डोकं वरून आणि दांड्याच्या आतून वाहत्या पाण्याखाली धरा, हँडलचा वरचा दांडा धुवा, पुसा, आणि दोन्ही वेगवेगळे उभे ठेवा, वाळू द्या. पंधरा सेकंदांचं काम आहे. आधीच साठलेलं असेल तर कापसाच्या काडीने दांड्याभोवतीच्या खाचेतून काढा, तिथे रबराची सील असते ती टोकदार वस्तूने खरवडू नका, सील फाटली की पाणी मोटरमध्ये गेलंच म्हणून समजा. उकळतं पाणी नको, डिशवॉशर नको. प्रवासाच्या डबीत ओला ब्रश बंद करून ठेवायची सवय असेल तर तीही सोडा.

काही सॉनिक ब्रशमध्ये डोकं आणि हँडल यांच्यात बारीकशी फट राहते, ती मुद्दाम ठेवलेली असते, थरथरायला जागा हवी म्हणून. फट बुजवायला जोर लावून दाबत बसू नका.

डोकं साधारण तीन महिन्यांनी बदलायचं, त्याआधी केस फाकले तर आधीच. काही डोक्यांचे रंगीत केस फिके पडत जातात ते त्यासाठीच.

प्रश्न : एक हँडल, दोघांची वेगळी डोकी, चालेल का?

चालतं, पण आत्ताच वरचं उत्तर वाचलंत ना. हँडल रोज धुवून पुसणार असाल तर चालेल. एकाला हिरड्यांचा आजार असेल तर नको.

प्रश्न : वडिलांचा हात थरथरतो, साधा ब्रश नीट धरता येत नाही. शिवाय पेसमेकर आहे. इलेक्ट्रिक द्यावा का?

हाताबद्दल म्हणाल तर इलेक्ट्रिक ब्रश मुळात अशांसाठीच आला. पहिला यशस्वी म्हणावा असा ब्रॉक्सोडेंट, १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये फिलिप गी वूग यांनी काढला, तो सरळ भिंतीतल्या प्लगला जोडायचा असायचा, वायर तोंडापर्यंत, आज अंगावर काटा येईल. ज्यांना हाताच्या हालचाली जमत नाहीत आणि ज्यांच्या दातांना तारा आहेत त्यांच्यासाठी तो होता. जाड हँडल म्हाताऱ्या बोटांना धरायला सोपं जातं आणि घासायचं काम ब्रश करतो.

पेसमेकरचं मात्र त्यांच्या हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. ब्रशमध्ये मोटर असते, चार्जरमध्ये कॉइल असते, दोन्हीभोवती थोडं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि कंपन्याच पुस्तिकेत लिहितात की आधी डॉक्टरांना किंवा पेसमेकर बनवणाऱ्यांना विचारा. हो म्हणाले तरी ब्रश किंवा चार्जर शर्टाच्या खिशात ठेवायचा नाही, चार्जरवरून उचलायचं काम घरातल्या कुणीतरी करावं.

प्रश्न : चार्जरवर कायम ठेवला तर बॅटरी खराब होते का? आणि तीन वर्षांत माझा ब्रश दोन दिवसांवर आला, आधी दोन आठवडे चालायचा.

नव्या ब्रशमध्ये लिथियम आयन बॅटरी असते, चार्जरवर राहिला तरी भरली की चार्जिंग थांबतं, रोज ठेवायला हरकत नाही. जुना, निकेलच्या बॅटरीवाला असेल तर सहा महिन्यांतून एकदा पूर्ण संपू द्या आणि मग भरा. चार्जिंग होताना हँडल कोमट लागतं ते ठीक, ब्रश आणि चार्जर यांच्यात धातूचा स्पर्शच नसतो, चार्जरमधल्या कॉइलमधून हँडलमधल्या कॉइलमध्ये वीज येते, म्हणून तर पाण्याजवळ ते ठेवता येतं. काही मॉडेलना पूर्ण भरायला चोवीस तास लागतात, रात्रभरात भरला नाही म्हणून बिघडला असं नाही. तरी चार्जर बेसिनच्या काठावर ठेवू नका, तो पाण्यात पडला तर आधी प्लग काढा, मग हात घाला.

बॅटरी म्हातारी झाली असेल तर वॉरंटी बघा. बहुतेक ब्रश उघडून बॅटरी बदलण्यासारखे नसतात, उघडलं की पाणी आत जातं. यूट्यूब बघून करणारे आहेत, माझ्या घरातल्या एकाने केलं होतं, तो ब्रश मग बंदच होईना, ड्रॉवरमध्ये बॅटरी संपेपर्यंत गुणगुणत पडला होता. जुना ब्रश कचऱ्यात टाकू नका, बॅटरी आहे, ई-कचऱ्यात द्या.

प्रश्न : माझा पाच वर्षांचा मुलगा माझाच ब्रश मागतो, त्याला दिवे आवडतात. देऊ का?

तुमचा नको, डोकं मोठं पडतं. लहान मुलांचे वेगळे येतात, छोटं मऊ डोकं, कमी ताकद, वय खोक्यावर लिहिलेलं असतं, बरेचसे तीन वर्षांपासूनचे असतात. दिवे त्यांनाही असतात. पण त्याचं झालं की रात्री एकदा तुम्ही त्याच्या मागे उभं राहून, त्याचं डोकं तुमच्या पोटाला टेकवून, मागच्या दाढा स्वतः करा. अजून दोनतीन वर्षं तरी. तो ओरडेल, चालतं, ओरडताना तोंड उघडं असतं.